डांबरी मिश्रणाचा परिमाण-अंदाज

रस्त्यावर ठरावीक जाडीचा डांबरी थर देण्यासाठी लागणाऱ्या खडी-डांबर मिश्रणाचे वजन आगाऊ काढण्याची गणनपद्धती (पहा : अंदाजपत्रक, रस्ते).

अंदाजाला लागणारी घनता व डांबराचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरविण्याची पद्धत मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने धावपट्ट्यांसाठी ती विकसित केली (पहा : मार्शल चाचणी). भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची (स्थापना १९३४) मानके वापरतात.

लांबी, रुंदी व दाबाईनंतरची जाडी यांच्या गुणाकाराने घनफळ मिळते. त्यास दाबलेल्या मिश्रणाच्या घनतेने गुणले की वजन येते. घनता सामान्यतः प्रतिघनमीटर २.३ ते २.४ टन असते. उदा., १ किमी. लांब, ७ मी. रुंद रस्त्यावर ४० मिमी. थरासाठी घनफळ २८० घमी.; घनता २.३५ धरल्यास मिश्रण ६५८ टन. त्यात वजनाने ५.५% डांबर असल्यास ते सु. ३६.२ टन लागते. रोलरखाली थर दबत असल्याने पेव्हरने तो अधिक जाड अंथरतात. परंतु गणनेत दाबलेली जाडीच धरतात. जुन्या पृष्ठावरील खळगे भरण्याचे मिश्रण, टॅक कोटचे (नवा थर जुन्या पृष्ठाला चिकटविणाऱ्या लेपाचे) डांबरी इमल्शन (प्रतिचौमी. सु. ०.२५ किग्रॅ.) व वाया जाणारा माल स्वतंत्रपणे मोजतात.

निविदेतील परिमाणे, हॉट मिक्स संयंत्राचे उत्पादन व डंपरांच्या फेऱ्या या अंदाजावरून ठरतात. प्रत्यक्ष जाडी व घनता थरातून कापलेल्या गाभा-नमुन्यांवरून पडताळतात (पहा : डांबर, मोजमाप पुस्तिका).