दात्याच्या पेशींना आवर

दात्याच्या रक्तातील मूलपेशींचे प्रत्यारोपण मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाहून एका बाबतीत वेगळे आहे. तेथे मुख्य भीती असते ती रुग्णाचे शरीर परका अवयव नाकारील याची. येथे मात्र दात्याकडून आलेल्या टी-पेशी, म्हणजे परके ते ओळखून नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशी, रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यांवर तुटून पडतात. डॉक्टर या विकाराला ‘जीव्हीएचडी’ म्हणतात, आणि त्याला आवर घालण्याचा इतिहास हा संयम शिकण्याचा इतिहास आहे.

१९५० च्या दशकात इंग्लंडमधील हारवेल येथे बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमियाग्रस्त उंदरांना किरणोत्सर्गानंतर परकी अस्थिमज्जा, म्हणजे या मूलपेशींचे मूळ घर, दिली, तेव्हा कर्करोग मागे हटला, परंतु उंदीर झिजून मेले. तारक आणि मारक शक्ती एकच असावी, अशी शंका तेथेच उभी राहिली. १९५८ मध्ये झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील एचएलए या ओळखखुणांपैकी पहिली शोधली आणि त्या खुणा जुळणारा दाता, बहुधा सख्खे भावंड, निवडण्याचा मार्ग खुला झाला. मात्र खुणा जुळूनही विकार होतच राहिल्याने औषधांची जोड आवश्यक ठरली. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झाले, त्या सुमारास सिएटलमध्ये सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे एकत्र देण्याची पद्धत आकार घेत होती. ती सायक्लोस्पोरिनच्या एकट्या वापराहून सरस असल्याचे १९८६ मध्ये दाखवण्यात आले.

टी-पेशी आधीच काढून टाकण्याचा उपाय अधिक मूलगामी वाटला, आणि त्याने जीव्हीएचडी खरोखरच घटला. परंतु कित्येकदा मूलपेशी रुजल्याच नाहीत आणि ल्युकेमियाही अधिक वेळा उलटला, कारण उरल्यासुरल्या कर्करोगपेशींना वेचून मारणाऱ्याही याच टी-पेशी होत्या.

या पेचातून वाट दाखवली ती वेळेच्या निवडीने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत विकसित झाली : हल्ल्याच्या तयारीत वेगाने विभाजित होणाऱ्या टी-पेशी त्या औषधाला प्रामुख्याने बळी पडतात, तर मूलपेशी आपल्यातील एका विकराच्या बळावर त्याचे विष निष्प्रभ करतात. त्यामुळे केवळ अर्ध्या खुणा जुळणारे आई, वडील किंवा अपत्यही दाता होऊ शकले, आणि जुळणारे भावंड नसलेल्या असंख्य रुग्णांना ज्या उपचाराची दारे बंद होती, तो त्यांच्या आवाक्यात आला. दात्याची प्रतिकारशक्ती समूळ उपटण्यापेक्षा तिच्यातील घातक अंश नेमक्या क्षणी खुडणे श्रेयस्कर, हा धडा हाती येण्यास अर्धशतक लागले. त्याचे मोल या रुग्णांच्या वाढलेल्या आयुष्यातच मोजले पाहिजे.