दहावीच्या निरोपाची स्मरणिका: चित्रांनी कशी सजवावी?

जानेवारी संपत आला की दहावीच्या वर्गांत निरोप समारंभाची गडबड सुरू होते आणि कोणीतरी स्मरणिकेचा विषय काढतो. पूर्वी हेच काम हस्तलिखित करायचे. सुंदर अक्षराची दोन-तीन मुले मजकूर उतरवायची, चित्रकलेचे सर कडेच्या नक्षीवर नजर ठेवायचे आणि एकुलती एक प्रत शाळेच्या कपाटात जायची. आता पन्नास प्रती छापून घेता येतात. तरी बहुतेक स्मरणिका एकसारख्या दिसतात, कारण इंटरनेटवरची पदवीची काळी टोपी, गुंडाळलेली पदवी आणि फुगे उचलून लावलेले असतात. महाराष्ट्रातल्या शाळेत दहावीला अशी टोपी कोणी घातलेली नसते. मग चित्रात काय असावे?

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली मुले शोधा

शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली मुले जवळपास प्रत्येक वर्गात असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे त्या परीक्षेचे विषय म्हणजे स्मरणिकेच्या कामाची यादीच. स्थिरचित्रासाठी फळे आणि तांब्या शोधायची गरज नाही. शाळेची घंटा, हजेरीपट, कर्कटकाने नावे कोरलेला बाक, झाकण तुटलेली कंपासपेटी, पाण्याच्या टाकीचे गळके नळ या वस्तू समोर बसून काढाव्यात. अशा आठ-दहा वस्तू लहान आकारात काढल्या की त्याच आलटून पालटून सगळ्या पानांच्या कडेला वापरता येतात.

स्मरणचित्रासाठी मधली सुट्टी, गॅदरिंगच्या रंगमंचामागची धांदल, पावसात चिखल झालेले मैदान हे प्रसंग चांगले. फोटोत सहसा रंगमंचाची पुढची बाजूच येते, मागची चित्रातच सापडते.

चेहरा न दाखवता ओळख: सावलीचित्रे

अमेरिकेत येल कॉलेजच्या १८०६ सालच्या वर्गाचे असे पुस्तक निघाले होते. कॅमेरा तेव्हा नव्हताच, म्हणून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांच्या काळ्या बाजूकृती छापल्या गेल्या. ही युक्ती आजही कामाची आहे. खोलीत अंधार करून भिंतीला मोठा कागद चिकटवायचा, मुलाला भिंतीजवळ कडेने बसवायचे आणि मोबाइलचा टॉर्च शक्य तितका लांब ठेवायचा. डोके भिंतीजवळ आणि दिवा लांब असेल तर सावलीची कड स्पष्ट येते. पेन्सिलने कड गिरवून आत काळा रंग भरायचा, मग फोटो काढून हवे तेवढे लहान करायचे.

वेणी, चष्मा, पुढे आलेली बट, हिजाब किंवा पटका एवढ्यावरून मित्र लगेच ओळखू येतो. शिवाय मुलीचा फोटो सोशल मीडियावर फिरेल अशी ज्या घरांत काळजी असते, तिथूनही या चित्राला सहसा नकार येत नाही. स्मरणिकेची पीडीएफ एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती कुठपर्यंत पोहोचेल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

सगळा वर्ग एका पानावर

गोव्याच्या मारिओ मिरांडा यांची गर्दीची चित्रे आठवा. बाजारातला प्रत्येक माणूस काहीतरी वेगळे करत असतो आणि चित्र बघायला दहा मिनिटे लागतात. वर्गाचे तसे चित्र काढायला चांगला हात लागतो. तो नसेल तर सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने स्वतःचे चित्र स्वतः काढायचे. ४० मुलांचा वर्ग ए-४ पानावर पाच स्तंभ आणि आठ ओळींत बसतो. समास सोडून प्रत्येकाला साधारण ३६ बाय ३३ मिलिमीटरची चौकट मिळते. काढताना मात्र ७२ बाय ६६ मिलिमीटरची घ्यावी आणि नंतर निम्मी करावी, म्हणजे थरथरलेल्या रेषाही नीटस दिसतात. काठीसारखे हातपाय काढणाऱ्याचे चित्र तसेच ठेवावे. कोणी ते 'सुधारून' देऊ नये.

चौकटी मोजताना या वर्षीचा हजेरीपट पुरत नाही. पाचवीपासूनचे पट मागून घ्यावेत. आठवीत बदली होऊन गेलेला, घरचे ऊसतोडीला गेल्यावर परत न आलेला, नववीत शाळा सुटलेली अशी नावे त्यात सापडतात. त्यांना निरोप द्यायचा राहूनच गेलेला असतो. फोन लागला तर त्यांच्याकडूनही चित्र मागवावे. नाहीच मिळाले तर नाव लिहून चौकट रिकामी ठेवावी.

वारली, रांगोळी आणि फळा

वारली शैली शाळांत आवडती आहे, कारण वर्तुळ, त्रिकोण आणि रेषांत माणूस उभा राहतो. परिपाठाची रांग, कबड्डी, सायकलवरून डबल सीट हे सगळे त्यात छान बसते. तारपा नृत्याच्या वळत जाणाऱ्या साखळीसारखा अख्खा वर्ग हात धरून उभा केला तर मुखपृष्ठच तयार होते. मात्र ही वारली समाजाची कला आहे, हे पानाच्या तळाशी एका ओळीत लिहावे. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा देवीचा चौक निव्वळ नक्षी म्हणून वापरू नये. तो पूजेचा भाग आहे.

'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी ठिपक्यांची रांगोळी आहे. आलेखाच्या कागदावर ७ बाय ७ ठिपके मांडून काळ्या पेनाने जोडले की कोपऱ्याची नक्षी मिळते. त्याहून सोपे म्हणजे फळ्यावर खडूने चित्र काढून फोटो घेणे. कॅमेरा फळ्यासमोर सरळ धरावा आणि खिडकीची चकाकी येत असेल तर खिडकी लावून घ्यावी.

व्यंगचित्रे जपून

सर्वांत जास्त हशा व्यंगचित्रांना मिळतो आणि सर्वांत जास्त रडारडही त्यांच्यामुळेच होते. शि. द. फडणीस यांची शब्दांविना हसवणारी चित्रे पाहावीत. तिथे विनोद प्रसंगातून येतो, कोणाच्या नाकातून किंवा पोटातून नाही. कायम उशिरा येणारा मुलगा धावत असताना घंटाच त्याची वाट पाहतेय, असे चित्र चालते. रंग, वजन, बोलण्यातले अडखळणे, जात किंवा गरिबी दाखवणारे चित्र आणि चिडवायचे नाव चालत नाही. 'तिला काही वाटत नाही' हे मित्रांनी परस्पर ठरवू नये. पान छापण्याआधी त्या व्यक्तीला एकट्यात दाखवावे, कारण वर्गासमोर विचारले तर सगळे हसून 'चालेल' म्हणतात.

हाच नियम एआयने बनवलेल्या चित्रांना. मित्रांचे फोटो न विचारता कुठल्याही ॲपवर टाकू नयेत. प्रसिद्ध कार्टून पात्रांनाही मालक असतात, त्यामुळे छापील अंकात ती टाळलेली बरी. शाळेच्या परिसराचा हाताने काढलेला नकाशा जरूर द्यावा. त्यात एसटी स्टँड, वह्यांचे दुकान, वडापावची गाडी असावी. मुलांची घरे मात्र त्यावर दाखवू नयेत.

शिपाईमामा आणि आठवीपर्यंत खिचडी वाढणाऱ्या ताईंची चित्रे शिक्षकांच्या पानावरच घ्यावीत, त्याच आकारात.

छापखान्यात जाण्याआधी

पेन्सिलची चित्रे झेरॉक्समध्ये फिकी पडतात, म्हणून शेवटची रेष काळ्या पेनाने मारावी. स्कॅन ३०० डीपीआयला करावे. ए-४ पान म्हणजे तेव्हा २४८० बाय ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते, ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचे चित्र सोडावे, नाहीतर कापताना पांढरी पट्टी दिसते. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. मराठी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर फुटतात, त्यामुळे वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी आणि एक नमुना प्रत पाहूनच पुढच्या प्रतींना होकार द्यावा. खर्च आवरायचा असेल तर फक्त मुखपृष्ठ रंगीत आणि आतली पाने काळी-पांढरी ठेवावीत. रेषाचित्रांना तेच शोभते.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आल्यावर कोणी चित्र काढत बसत नाही. वस्तू आणि सावलीचित्रे दिवाळीच्या सुट्टीआधी झालेली असावीत. शेवटची चार पाने सह्यांसाठी कोरी सोडावीत आणि ती गुळगुळीत आर्ट पेपरवर न घेता साध्या मॅपलिथो कागदावर घ्यावीत. आर्ट पेपरवर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि वही मिटली की सह्या समोरच्या पानावर उमटतात.