पपईचा चीक, काळी माती आणि रक्ताचा थेंब : खानदेशातील जीवरसायनशास्त्राच्या उच्चशिक्षणाची वाटचाल

१९४९ साली दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. नोव्हेंबरात अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील बदलामुळे होतो, असे त्यांनी दाखवले आणि त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले. आजाराचे मूळ रेणूत शोधण्याच्या शास्त्राला या निबंधाने मोठे बळ दिले.

तो बदललेला रेणू सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या होता. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या खानदेशाला मात्र स्वतःचे विद्यापीठ मिळायला आणखी एकेचाळीस वर्षे जायची होती. ज्या शास्त्राचे प्रश्न आपल्याच मातीत, पिकात आणि रक्तात होते, ते शिकण्यासाठी इथल्या विद्यार्थ्याला इतकी वर्षे गाव का सोडावे लागले? आणि पदवी घराजवळ आल्यावर प्रश्नही घरचे झाले का? या दोन प्रश्नांच्या आधाराने ही वाटचाल पाहायची आहे.

खानदेशात विद्येची आस्था नव्हती, हे याचे उत्तर नव्हे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळ्याला होते. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे त्यातूनच आले. पुढे दहा वर्षांनी, १९१६ साली, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे अभ्यासकांना विद्यावेतन मिळे. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत तेथे राहिले आणि जी. आर. मलकानी यांनी तर आयुष्याचा मोठा काळ त्या संस्थेला दिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळ्यात १९२६ च्या अखेरीस निधन झाले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. म्हणजे बी.एस्सी.चा वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी आधी खानदेशात पदव्युत्तर दर्जाचे संशोधन चालू होते.

मात्र ते तत्त्वज्ञानाचे आणि इतिहासाचे होते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पोथी, दप्तर आणि ग्रंथ बैलगाडीतूनही आणता येतात. एक दाता आणि एक जिद्दी अभ्यासक असला की कामाला सुरुवात होते. जीवरसायनशास्त्राचे तसे नाही. सजीवांच्या पेशीतून एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, शुद्ध करायचे तर बहुतेक वेळा सगळे काम चार अंश तापमानाच्या आसपास करावे लागते. खानदेशातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. म्हणजे बर्फ हवा, शीतखोली हवी, सेंट्रिफ्यूज हवे, अखंड वीज हवी, वेळेवर येणारी रसायने हवीत आणि हे सारे हाताळायला शिकवणारा मार्गदर्शक हवा. यातली एक गोष्ट नसली तरी महिन्यांचे काम एका रात्रीत वाया जाते. आश्रयदाते येथेही होते. परंतु अशी प्रयोगशाळा सतत चालती ठेवायला एका शेठजीची उदारता पुरत नाही, त्यासाठी विद्यापीठ लागते.

१९४५ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. आजची विप्रो ती हीच. तिचा मूळ धंदा तेलाचा आणि वनस्पती तुपाचा. तेलातील असंपृक्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून ते घट्ट करायचे, ही त्यामागची रासायनिक प्रक्रिया. मेदाम्लांचा धडा गावातल्या कारखान्यात चालू होता आणि महाविद्यालय त्याच गावात होते. तरी त्या धड्याच्या पुढे जायचे तर मुंबई किंवा पुण्याची गाडी धरण्यावाचून फारसा पर्याय नव्हता.

बाहेरची वाटही सोपी नव्हती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग १९२१ पासून होता. कमला भागवत यांनी १९३३ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन तेथे अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते आणि गुणवत्ता यादीत त्यांचे स्वतःचे नाव वर होते. तरीही केवळ त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या बंगळूरला जाऊन हट्टाने उभ्या राहिल्या, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतले प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मराठी वाचक त्यांच्या बहिणीला, दुर्गा भागवतांना, चांगले ओळखतात. कमलाबाई सोहोनींना तितके ओळखत नाहीत. मुंबईच्या विज्ञान संस्थेत परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांकडून नीरेवर आणि कडधान्यांच्या प्रथिनांवर काम करून घेतले. केंब्रिजची पद्धत आणि गरिबाच्या ताटातला पदार्थ एकाच प्रबंधात आणता येतो, हा त्यांचा धडा. मात्र मुंबईत, सुशिक्षित घरात वाढलेल्या मुलीला जिथे दारात अडवले गेले, तिथे चोपडा-शिरपूरकडच्या मुलीसाठी ते दार किती दूर होते, याचा अंदाज करता येतो.

प्रत्यक्षात विकरांचा उद्योग खानदेशात विद्यापीठाच्या आधी आला, आणि तो शेतातून आला. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावचा एक जुना केळीभुकटीचा कारखाना घेतला आणि तेथे पपेन बनवायला सुरुवात केली. कच्च्या पपईला झाडावरच चिरा द्यायच्या, पाझरणारा पांढरा चीक गोळा करून वाळवायचा आणि त्यातून प्रथिने तोडणारे हे विकर शुद्ध करायचे, असे ते काम. मांस मऊ करणे, बिअर नितळ ठेवणे, पाचक औषधे बनवणे अशा कामांसाठी जगभर त्याला मागणी होती, आणि जळगावचे शुद्ध पपेन परदेशी जाऊ लागले.

शास्त्राच्या इतिहासात पपेनचे स्थान यापेक्षाही मोठे आहे. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये सशाच्या रक्तातील प्रतिपिंडांचे पपेनने तुकडे केले. प्रतिपिंडाचा कोणता भाग रोगजंतूला धरतो, हे त्यातून समजले. १९७२ च्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. २१२ अमिनो आम्लांच्या या साखळीची त्रिमिती रचना हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे १९६८ मध्ये उलगडली. दहा वर्षांनी तेच विकर जळगावात बनत होते. शेतकऱ्याच्या हाताला चीक लागत होता आणि कारखान्यात विकराची शुद्धता मोजली जात होती. संशोधनाच्या पदवीची नोंदणी मात्र अजून पुण्याच्या विद्यापीठातच होत होती. उद्योग आणि विद्या यांच्या मधला हा मोकळा पट्टा या इतिहासात नजरेआड करता येत नाही.

ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. सुरुवातीच्या मोजक्या विद्यापीठांत पुणे आणि बडोदे होते. खानदेशच्या दोन बाजूंना दोन दारे उघडली; खानदेशात एकही नाही. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणितज्ञ होते. गिरणेच्या काठी, बांभोरीजवळच्या माळावर विभागांऐवजी प्रशाळा उभ्या राहिल्या. जीवशास्त्राच्या प्रशाळेत जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विषय एका छताखाली आले. एकाच सेंट्रिफ्यूजवर तीन विषयांचे विद्यार्थी काम करू शकतात, हा या रचनेचा व्यावहारिक लाभ. तुटपुंज्या साधनांच्या विद्यापीठाला तो मोलाचा ठरतो.

या प्रशाळेच्या कामाचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. खानदेशची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, त्यामुळे तिच्यात लोह भरपूर आहे. पण चुनखडीमुळे ती अल्कधर्मी असते आणि लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते. पिकाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाच्या ढिगावर उभे असलेले रोप लोहासाठी उपाशी असते. मुळांपाशी राहणारे काही जिवाणू मात्र सिडेरोफोर नावाचे रेणू सोडतात. हे रेणू लोहाला चिमट्यासारखे धरून विरघळवतात. हे ओळखण्याची कसोटी डोळ्यांना सुखावणारी आहे. निळ्या रंगाच्या आगर-थाळीत जिवाणू वाढवले की लोह पळवणाऱ्या वसाहतीभोवती नारिंगी कडे उमटते. ही कसोटी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात प्रसिद्ध झाली. जळगावला डॉ. सु. भा. चिंचोलकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले, आणि २००७ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेच्या ‘मायक्रोबियल सिडेरोफोर्स’ या ग्रंथाचे ते सहसंपादक होते. कसोटी परदेशी, पण प्रश्न बांधावरचा. एखादे शास्त्र प्रदेशात आले असे केव्हा म्हणावे? फलक लागतो तेव्हा नव्हे, असा माझा निष्कर्ष आहे. त्या प्रदेशातील पदार्थ थाळीत येतो आणि त्यातून जगाला सांगण्यासारखे काही निघते, तेव्हा म्हणावे.

हा निकष लावला की सातपुड्याकडे वळावेच लागते. पॉलिंगनंतर व्हर्नन इन्ग्राम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली दाखवले की सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्या फरकाने लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. भिल्ल, पावरा आणि आणखी काही आदिवासी समाजांत या रेणूचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे डॉ. एस. एल. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये नोंदवले. यातले बहुसंख्य केवळ वाहक असतात. त्यांना त्रास होत नाही, पण दोन वाहकांच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक असते. भारतात आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्याच जणांत अधिक टिकते आणि आजार काहीसा सौम्य होतो, हेही पुढे कळले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. हे डोंगरी तालुके आता त्यात आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठायचे तर तपासणी करणारे हात लागतील, आणि विवाहापूर्वी घरच्यांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारा अभ्यासकही लागेल. धडगाव-अक्कलकुव्यातली मुलगी जीवरसायनात एम.एस्सी. होते, तेव्हा ती पदवी फक्त तिच्या नोकरीची गोष्ट राहत नाही.

विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या, म्हणून वाचल्या. खानदेशातील विज्ञानाचीही तशीच लिहून घेण्याची वेळ आली आहे. पहिल्या तुकड्यांच्या प्रयोगवह्या, उपकरणांच्या नोंदवह्या, फेटाळलेल्या आणि मंजूर झालेल्या प्रस्तावांच्या प्रती, चिकाच्या खरेदीची पुस्तके हा सारा इतिहासाचा कच्चा माल आहे. राजवाड्यांनी गावोगावच्या माळ्यांवरून दप्तरे गोळा केली, तेव्हा अनेकांना तो जुना कागद वाटला होता. त्यांच्या नावाचे मंडळ असलेल्या प्रदेशाने आपल्या प्रयोगशाळांचे कागद रद्दीत जाण्याआधी उचलून ठेवावेत, आणि त्याची सुरुवात १९९० नंतरच्या पहिल्या दहा वर्षांच्या वह्यांपासून करावी. त्या लिहिणारे हात अजून आपल्यात आहेत.