तश्रीक म्हणजे काय?

९ जिल्हिज्जच्या फजरपासून १३च्या असरपर्यंत आपण प्रत्येक फर्ज नमाजानंतर तकबीरे तश्रीक पढतो. पण ‘तश्रीक’चा अर्थ वर्गात विचारला की पोरं एकमेकांकडे बघतात. अरबी भाषाकारांनी दिलेला एक अर्थ आहे : गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवणं. ईदनंतरच्या तीन दिवसांना हे नाव त्यावरूनच पडलं, असं ते सांगतात. तीन दिवसांपलीकडे कुर्बानीचं गोश्त ठेवू नका, ही मनाई लोक हलाखीत असताना आली आणि पुढच्या वर्षी उठली, हे हदीसमध्येच आहे.

फ्रिज येण्याआधी आमच्या इचलकरंजीत हळद-मीठ चोळलेल्या पट्ट्या दोरीवर वाळायच्या. मीठ पाणी ओढून घेतं, हळद जंतूंची वाढ मंदावते. मागावर चढण्याआधी ताण्याला खळ लावतात, ते गावाला सांगायला नको; हाही तसाच राखणीचा थर. तुर्कस्तानात वाळवलेल्या पास्तिरमावर मेथी, लसूण, मिरचीचा जाड लेप देतात. आज प्रयोगशाळांत कोळंबीच्या टरफलापासून कायटोसान काढून मासळीला खाण्याजोगा थर देतात. त्यावर शोधनिबंध निघतात. दादी-नानीच्या हळदीची साधी नोंदही नाही.

दलित घरांतल्या चान्या शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’मध्ये लिहून ठेवल्या. आपलं कोण लिहिणार? म्हणून मुलांना गृहपाठ दिला : दादीला प्रमाण विचारून या. एकानं लिहून आणलं, ‘मीठ मूठभर.’

कुणाची मूठ, ते विचारायला त्याला परत पाठवलंय.