शहानूरचं गोड पाणी

आमच्या आजीचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, पानमळ्यांचं. लग्न होऊन ती दर्यापूरकडं आली अन् पहिल्याच दिवशी तिची तुरीची दाळ दुपार झाली तरी शिजेना. सासू म्हणाली, "विहिरीचं नोको घेऊ बाई, झिऱ्याचं आन." नदीच्या रेतीत उकरलेला झिरा, वाटी-वाटीनं भरायचा हंडा. साबणाला फेस नाही, चहा फाटतो. अशा गावात पोरगी द्यायला लोक कचरत.

अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा खारपाणपट्टा पसरला आहे. वर काळी कसदार जमीन, खाली मचूळ पाणी. मुतखड्याचं दुखणं घरोघरी.

मेळघाटातून उतरणाऱ्या शहानूर नदीवर १९९० मध्ये मातीचं धरण झालं, तेव्हा आजोबांचा विश्वास बसत नव्हता. "मातीनं कुठी पानी थांबते काय बापा?" १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेही मातीचंच, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर त्यांनी स्वतः माती वाहिलेली. भिंतीच्या पोटात चिकण काळी माती, दोन्ही बाजूंनी मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाची पिचिंग. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलरनं दाबायचा. एक थर कच्चा राहिला की पाणी वाट काढतं, असं ते सांगत.

धरणावर वीजघरही आहे, पाऊण मेगावॅटचं. कोयनेच्या १,९६० मेगावॅटपुढं ते कुठंच नाही, आणि आमच्याकडं त्याचं कौतुकही कुणी करत नाही. कॅनॉलनं संत्र्याला, गव्हाला पाणी मिळतं, त्याचं मोल आहेच. पण खरी किंमत नळाची. शहानूरचं पाणी पाइपानं खाऱ्या गावांत आलं, अन् आजीची दाळ तासाभरात शिजू लागली. माझ्या मते या धरणाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

आता धरणाची पस्तिशी उलटली. मातीच्या भिंतीला झुडपांची मुळं आणि घुशींची बिळं घातक. पायथ्याशी थोडा स्वच्छ पाझर असणारच. तो गढूळ झाला, तर पोटातली माती वाहते आहे असं समजावं. पावसाळ्यात तिकडं फिरायला गेलात, तर सेल्फीआधी पायथ्याचं पाणी पाहा. गढूळ दिसलं, तर त्याच दिवशी पाटबंधारे विभागाला कळवा.