पत्र कोणाचे: लिहिणाऱ्याचे की मिळालेल्याचे?

१/ पत्र आपल्या नावे आले, कागद आपल्या हाती आहे. मग त्यातील मजकूर छापण्याचा अधिकारही आपलाच का? इंग्लंडच्या न्यायालयाने १७४१ साली या प्रश्नाचा निवाडा केला. वादी होता कवी अलेक्झांडर पोप आणि प्रतिवादी लंडनचा कुप्रसिद्ध प्रकाशक एडमंड कर्ल.

२/ दोघांचे वैर जुने होते. नामवंतांचे खासगी कागद मिळवून, त्यांना न विचारता छापणे हा कर्लचा धंदाच. पोपने तरुणपणी हेन्री क्रॉमवेल या स्नेह्यास लिहिलेली पत्रे त्याने क्रॉमवेलच्या पूर्वीच्या प्रेयसीकडून मिळवली आणि १७२६ साली छापली.

३/ मात्र पोपही काही सोवळा नव्हता. हयातीतच आपली पत्रे छापणे त्या काळी आत्मप्रौढीचे मानले जाई. म्हणून १७३५ साली त्याने नाव लपवून, मध्यस्थामार्फत, आपली पत्रे कर्लच्याच हाती पोहोचवली. कर्लने ती विकायला काढली आणि पोपला निमित्त मिळाले. १७३७ साली त्याने ‘अधिकृत’ आवृत्ती काढली.

४/ १७४१ साली कर्लने पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. या वेळी पोपने चॅन्सरी न्यायालय गाठले. त्याचा आधार होता ग्रंथकर्त्यास मुद्रणाधिकार देणारा १७१० चा ‘स्टॅच्यूट ऑफ ॲन’.

५/ कर्लचा बचाव तिहेरी होता: पाठवलेले पत्र ही देणगीच असते, पत्र म्हणजे ग्रंथ नव्हे, आणि हे पुस्तक आधी डब्लिनमध्ये छापले गेले आहे.

६/ लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी तिन्ही मुद्दे फेटाळले. त्यांच्या मते, कागदावर फार तर पत्र मिळालेल्याची मालकी असेल. पण तेवढ्याने जगासमोर मजकूर छापण्याची मुभा कोणालाही मिळत नाही.

७/ याच न्यायाने मनाईहुकूम केवळ पोपने लिहिलेल्या पत्रांपुरता राहिला. स्विफ्टने पोपला लिहिलेल्या पत्रांवर पोपचा हक्क नव्हता.

८/ भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसारही पत्रातील मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याचाच. पण हा हक्क शब्दांचे रक्षण करतो, विश्वासाचे नव्हे. पत्रात उल्लेखलेल्या तिऱ्हाइताची अब्रू त्यात येत नाही. म्हणून संमती घेणे, नाव झाकणे आणि मजकुराचा विपर्यास न करणे ही जबाबदारी अखेर छापणाऱ्याच्या विवेकावरच राहते.