ध्रुवमार्गे रेडिओ संपर्क : जवळ मूक, दूर स्पष्ट

मुंबईहून सान फ्रान्सिस्कोकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग पूर्वेला जात नाही व पश्चिमेलाही जात नाही. तो जवळजवळ थेट उत्तरेला जातो. सपाट नकाशावर हे पटणे अवघड आहे. परंतु पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सैबेरिया ओलांडतो, आर्क्टिक महासागरावर सुमारे ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून पुन्हा खाली उतरतो. हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर भरते. रेडिओलहरीही साधारणपणे अशाच बृहद्‌वृत्ताच्या मार्गाने प्रवास करतात. त्यामुळे उत्तर गोलार्धातील दूरदूरच्या खंडांना जोडणारे कितीतरी मार्ग ध्रुवप्रदेशावरून किंवा त्याच्या कडेने जातात, आणि रेडिओच्या दृष्टीने पृथ्वीवरील सर्वांत लहरी आकाश नेमके तेथेच असते.

या आकाशाची पहिली ओळख ज्यांनी करून घेतली, त्यांत हौशी रेडिओचालकांचा वाटा मोठा आहे. सरकारी परवाना घेऊन, कोणताही आर्थिक हेतू न ठेवता, ठरवून दिलेल्या लहरींवर परस्परांशी संपर्क साधणाऱ्या या मंडळींना 'हॅम' म्हणतात. १९२० च्या दशकात मोठ्या कंपन्या व नौदले लांब लहरींचा वापर करीत. दोनशे मीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या लघुलहरी तेव्हा फारशा उपयोगाच्या मानल्या जात नव्हत्या. त्या हौशी लोकांच्या वाट्याला आल्या आणि त्यांनीच त्यांतून खंड ओलांडून दाखवले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतील विद्यार्थी सेसिल गॉयडर यांनी पृथ्वीच्या दोन टोकांमधून परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण केली. त्याआधीच, १९२३-२४ मध्ये, अमेरिकी संशोधक डोनाल्ड मॅकमिलन यांच्या 'बोडॉइन' या जहाजाने ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर हिवाळा काढताना लघुलहरींवरील हौशी चालकांमार्फत बाहेरच्या जगाशी संबंध राखला होता.

आकाशातील आरसा

लघुलहरी इतक्या दूर जातात त्या आयनांबरामुळे. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर 'डी' थर, त्याच्या वर 'ई' थर आणि सुमारे २०० ते ४०० किलोमीटरांच्या दरम्यान 'एफ' थर असतो. 'एफ' थर लघुलहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. जमीन किंवा समुद्र त्यांना पुन्हा वर धाडतो. अशा उड्या घेत लहर हजारो किलोमीटर पुढे जाते. 'डी' थराचे काम उलटे आहे. तो लहरी परतवत नाही, शोषतो. तेथे हवा दाट असल्यामुळे लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन आसपासच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची शक्ती उष्णतेत विरून जाते.

या व्यवस्थेत एक विसंगती अंगभूतच आहे. सरळ वर गेलेली लहर 'एफ' थराला भेदून अवकाशात निघून जाऊ शकते. तीच लहर तिरकी गेली तर परत येते. त्यामुळे प्रक्षेपकाभोवती काही अंतरापर्यंत जमिनीलगतची लहर ऐकू येते, त्यानंतर काहीच ऐकू येत नाही, आणि त्याच्याही पलीकडे, कित्येकशे किंवा हजारभर किलोमीटरांवर, संदेश पुन्हा स्पष्ट होतो. मधल्या या प्रदेशाला मूक पट्टा म्हणता येईल. ध्रुवप्रदेशात या मूक पट्ट्याने एकदा माणसांच्या प्राणांशी गाठ घातली.

लाल तंबूची हाक

इटालियन सेनानी उंबेर्तो नोबिले यांचे 'इटालिया' हे वायुयान २३ मे १९२८ रोजी स्पिट्सबर्गेन बेटावरील किंग्ज बे येथून निघून उत्तर ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर, २५ मे रोजी, ते बर्फावर कोसळले. यानात सोळा जण होते. दहा जण बर्फावर फेकले गेले, त्यांपैकी एक जण तत्काळ दगावला. उरलेले सहा जण यानाच्या पिशवीसह वाऱ्याबरोबर वाहून गेले आणि त्यांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. बर्फावर पडलेल्या सामानात लघुलहरींचा एक छोटा आपत्कालीन संच होता. रेडिओचालक जुझेप्पे ब्याजी यांनी तो सुरू केला आणि सुमारे ३३ मीटर तरंगलांबीवर मदतीची हाक पाठवण्यास प्रारंभ केला. बचलेल्यांनी तंबूला लाल रंग दिला होता, म्हणून हे ठिकाण इतिहासात 'लाल तंबू' या नावाने ओळखले जाते.

मोहिमेचे आधारजहाज 'चित्ता दी मिलानो' किंग्ज बे येथेच उभे होते. तंबूपासून त्याचे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर होते. तरीही दिवसामागून दिवस गेले, पण उत्तर येईना. तंबूतील ग्राहीवर मात्र रोमचे प्रक्षेपण ऐकू येत होते. जहाजावरील यंत्रणा बातमीदारांच्या तारा पाठवण्यात गुंतून पडली होती, अशी टीका पुढे झाली. ३० मे रोजी तिघे जण मदतीच्या शोधात बर्फावरून पायी निघाले.

३ जून १९२८ रोजी सोव्हिएत रशियातील वोझनेसेन्ये-वोखमा या आडगावी निकोलाय श्मिट या तरुण हौशी रेडिओचालकाने स्वतः जुळवलेल्या ग्राहीवर हे संकेत पकडले. तंबूपासून हे गाव सुमारे अडीच हजार किलोमीटरांवर होते. अक्षरे तुटक होती. 'इटालिया', 'नोबिले' आणि संकटसूचक संकेत त्यांना ओळखता आले. ठिकाणाचे नाव मात्र फ्रान्झ जोसेफ भूमी असावे, असा प्रथम समज झाला. तंबू प्रत्यक्षात स्पिट्सबर्गेन द्वीपसमूहाच्या ईशान्येस फॉइन बेटाजवळ होता. श्मिट यांनी मॉस्कोतील रेडिओमित्र संघटनेला तार केली. तेथून ही वार्ता इटलीपर्यंत गेली. आपले संदेश एका रशियन हौशी चालकाने ऐकल्याचे ब्याजी यांना रोमच्या प्रक्षेपणातूनच कळले. त्यानंतर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आधारजहाजाशीही संपर्क जुळला.

जहाजाला जे ऐकू आले नाही, ते दूरच्या खेड्यात कसे ऐकू आले? यात योगायोग होताच, पण केवळ योगायोग नव्हता. ३३ मीटर म्हणजे सुमारे नऊ मेगाहर्ट्‌झ. उन्हाळ्यातील ध्रुवीय 'एफ' थर इतक्या कंप्रतेची लहर सरळ वरून परतवण्याइतका दाट नसतो. तिरक्या कोनातून आलेली लहर मात्र तो सहज परतवतो. दुसरीकडे, जमिनीलगतची लहर बर्फावरून व डोंगरांमधून जाताना लवकर क्षीण होते. साडेतीनशे किलोमीटरांवरील जहाज त्यामुळे मूक पट्ट्यात सापडण्याची शक्यता दाट होती, तर अडीच हजार किलोमीटरांवरील गाव पहिल्या-दुसऱ्या उडीच्या टप्प्यात होते.

संपर्क जुळल्यावर बचावकार्याला दिशा मिळाली. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग यांनी नोबिले यांना विमानाने बाहेर काढले आणि १२ जुलै रोजी 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने तंबूतील उरलेल्या पाच जणांना उचलून घेतले. पायी निघालेल्या तिघांपैकी स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ फिन माल्मग्रेन बर्फावरच मरण पावले. नोबिले यांच्या शोधार्थ विमानाने निघालेले रोआल्ड आमुंडसेन १८ जून रोजी बेपत्ता झाले, ते कायमचेच. श्मिट यांचा काही काळ मोठा गौरव झाला. पुढे स्टालिनकालीन दडपशाहीत १९४२ मध्ये त्यांना देहदंड देण्यात आला. मरणोत्तर त्यांना निर्दोष ठरवण्यात आले.

एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत

१२ जानेवारी १९३० रोजी फ्रान्झ जोसेफ भूमीवरील तिखाया उपसागराच्या केंद्रातून एर्न्स्ट क्रेंकेल लघुलहरींवर साद घालत होते. उत्तर आले ते अंटार्क्टिकातून. अमेरिकेच्या रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेचे 'लिटल अमेरिका' हे केंद्र बोलत होते. दोन्ही ठिकाणांतील अंतर जवळजवळ वीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवर शक्य असलेल्या कमाल अंतराच्या अगदी जवळचे होते.

हा संपर्क आश्चर्यकारक वाटला तरी त्यामागे भूमितीचे साहाय्य होते. पृथ्वीवरील कोणत्याही बिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या बिंदूकडे सर्व दिशांनी जाता येते आणि सर्व मार्ग सारख्याच लांबीचे असतात. त्यामुळे एका दिशेचे आकाश बंद असले तरी दुसऱ्या एखाद्या दिशेने लहर पोहोचते, आणि निरनिराळ्या दिशांनी आलेल्या लहरी तेथे एकवटतात. जानेवारीत तिखाया येथे अखंड रात्र होती, तर अंटार्क्टिकात अखंड दिवस. ध्रुवीय रात्रीतही 'एफ' थर पूर्णपणे नाहीसा होत नाही. दिवसाच्या बाजूला निर्माण झालेले आयनीभूत वायूचे पुंज पृथ्वीच्या चुंबकांबरातील प्रवाहांबरोबर ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला वाहत येतात. सूर्य न दिसताही ध्रुवावर रेडिओ चालतो, त्याचे हे एक कारण आहे.

क्रेंकेल पुढे १९३७-३८ मध्ये वाहत्या बर्फावरील 'उत्तर ध्रुव-१' या केंद्राचे रेडिओचालक झाले. बुडालेल्या 'चेल्युस्किन' जहाजाचे संकेतनाम त्यांना हौशी चालक म्हणून वैयक्तिक संकेतनाम देण्यात आले होते.

प्रकाशाचे कडे आणि बंद होणारे आकाश

ध्रुवमार्गाचा मुख्य शत्रू व कधीकधी मित्रही म्हणजे ध्रुवीय प्रकाश. तो भौगोलिक ध्रुवावर केंद्रित नसतो. चुंबकीय ध्रुवाभोवती त्याचे एक कडे असते. चुंबकीय वादळात हे कडे रुंदावते व विषुववृत्ताकडे सरकते. त्यातून जाणाऱ्या लघुलहरी दोन प्रकारे बिघडतात. कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे खालचे थर अधिक शोषक होतात, आणि वरचा थर सतत हलत असल्यामुळे आवाजाला थरथर येते. ध्रुवावरून आलेला मनुष्याचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, याचे कारण हेच.

अतिलघुलहरींवर मात्र हाच प्रकाश उपयोगी पडतो. १४४ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सामान्यतः क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. प्रकाशाच्या पडद्यावरून विखुरल्यावर त्या हजारभर किलोमीटरांवरील चालकाला ऐकू येतात. अशा वेळी दोन्ही चालक आपापल्या अँटेना एकमेकांकडे न वळवता उत्तरेकडे वळवतात. मोर्सचा स्वच्छ सूर फुटून खरखरीत रूपांतरित होतो. बोललेले शब्द बहुधा कळत नाहीत, पण मोर्स मात्र वाचता येतो.

सर्वांत कठोर अडथळा वेगळाच आहे. मोठ्या सौरज्वालेबरोबर सुटलेले वेगवान प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि तेथील 'डी' थरापर्यंत उतरतात. मग ध्रुवाभोवतीचे सारे क्षेत्र लघुलहरींसाठी कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस बंद पडते. २३ फेब्रुवारी १९५६ च्या प्रचंड सौर घटनेनंतर शास्त्रज्ञांनी या ध्रुवीय शोषणाचा स्वतंत्रपणे अभ्यास सुरू केला. त्याचा फटका केवळ हौशी लोकांनाच बसतो असे नाही. ८२ अंशांच्या पलीकडे भूस्थिर उपग्रह दृष्टिपथात येत नाहीत, म्हणून ध्रुवावरून जाणारी विमाने दीर्घकाळ लघुलहरींवर विसंबून राहिली. जानेवारी २००५ मधील सौर उद्रेकात काही विमानांना ध्रुवीय मार्ग सोडून लांबचा मार्ग घ्यावा लागला होता.

भारतातून पाहताना

मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारी लहर आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून व लाब्राडोरवरून जाते. ती ध्रुवापर्यंत चढत नाही, पण ध्रुवीय प्रकाशाच्या कड्याशी तिची गाठ पडते. पश्चिम किनाऱ्याचा मार्ग त्याहून उत्तरेला जातो. म्हणून भारतीय हौशी चालकांना युरोप किंवा जपान ज्या सहजतेने मिळतो, त्या सहजतेने कॅलिफोर्निया मिळत नाही. चुंबकीय क्षेत्र शांत असताना, म्हणजे शून्य ते नऊ या मापावर के-निर्देशांक शून्य किंवा एक असताना, ही वाट उघडण्याची शक्यता वाढते. उत्तरेची वाट बंद असेल तर अँटेना दक्षिणेकडे फिरवून अंटार्क्टिकावरून जाणारा लांबचा मार्गही धरता येतो. सान फ्रान्सिस्कोसाठी तो सुमारे साडेसव्वीस हजार किलोमीटर पडतो. मे २०२४ च्या तीव्र चुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथून तांबूस ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. अशा वेळी उत्तरेच्या वाटेवर फार काही ऐकू येईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

वाट उघडी आहे की नाही, हे आता केवळ नशिबावर सोडावे लागत नाही. जगभर पसरलेल्या अठरा संकेतकेंद्रांची एक साखळी हौशी लोकांनी उभारली असून, त्यांतील एक केंद्र कॅनडाच्या अतिउत्तरेकडील युरेका येथे स्थापन करण्यात आले. प्रत्येक केंद्र आपल्या पाळीला दहा सेकंद संकेत देते. आधी शंभर वॅट, मग दहा, एक आणि शेवटी दशांश वॅट. किती शक्तीचा संकेत ऐकू आला, यावरून मार्गाची अवस्था कळते. नोबेल पारितोषिकविजेते खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये तयार केलेल्या संगणकीय पद्धतीत तर अत्यल्प शक्तीचे संकेतही आपोआप नोंदले जातात आणि ध्रुवमार्ग कोणत्या घटकेला उघडला व कधी मिटला, हे नकाशावर दिसते.

उपग्रहांनी ध्रुवप्रदेशाचे एकाकीपण बरेच कमी केले आहे. तरीही तेथील आकाशाचे नियम बदललेले नाहीत. संकटाच्या वेळी सर्वांत जवळचा माणूसच हाक ऐकेल असे गृहीत धरता येत नाही, हा १९२८ चा धडा आहे. म्हणूनच बचावकार्याच्या व्यवस्थेत दूरवरच्या ठिकाणीही कोणी कान देऊन बसलेले असावे लागते.